चौथ्या खेपेची नोंद

"ह्यांचे कागद एकदा बघून जा, चारला रद्दीवाला यायचाय," काकूंचा फोन. जुने कागद लावून त्यांची सूची करणं हे माझं काम. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्यांच्या घरी पोचलो तर नायलॉनच्या दोरीने बांधलेले अकरा गठ्ठे ओट्यावर आलेसुद्धा होते.

काका शाळेत चित्रकलेचे मास्तर. १९५० साली बडोद्याच्या विद्यापीठात ललित कलांची शाखा सुरू झाली, इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथे शिकवायला आले, तेव्हा काका ऐन विशीत होते. शाळा सुटली की सायकल तिकडे. पुढे चाळीसेक वर्षं मराठीत चित्रांवर लिहिलं. मानधन बहुधा मनिऑर्डरीने, तेही आलं तर.

पाचव्या गठ्ठ्यात एक वही निघाली. कसरीने कडा खाल्लेल्या, खळीने चिकटवलेली कात्रणं फुगलेली. एका पानावर फक्त तारखा आणि वेळा. कीर्तिमंदिर, सकाळी साडेनऊ. कीर्तिमंदिर, दुपारी तीन. सयाजीरावांनी गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ बांधलेल्या त्या वास्तूत शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात चार भिंतींवर चित्रं रंगवली. त्यांतलं 'नटीर पूजा' हे चित्र पाहायला काका सात वेळा गेले होते.

पहिल्या खेपेच्या नोंदीत सगळी माहिती: टागोरांचं नाटक, राजाची मनाई मोडून स्तूपापुढे नाचणारी, नाचता नाचता दागिने उतरवणारी नटी, शांतिनिकेतनात ती भूमिका नंदलालांच्या मुलीनेच केलेली. चौथ्या खेपेला एकच ओळ, पेन्सिलीने: "आजवर गोष्टच वाचत होतो. चित्र आज दिसू लागलं." खाली पहिल्या मसुद्याची पाच पानं, आडवी रेघ मारून रद्द केलेली.

समोरच्या पानावर छापून आलेला लेख. जेमतेम दोन रकाने. त्यात नाटकाची हकिगत एका वाक्यात उरकलेली. बाकी सगळं रेषेबद्दल. मी तो तिथेच ओट्यावर बसून दोनदा वाचला. सूचीच्या रकान्यात याचं काय लिहायचं, 'टिपणवही, एक'? मला ते फार अपुरं वाटलं, अजूनही वाटतं.

पावणेचार झाले होते. काकू चहा घेऊन आल्या, माझ्या मांडीवरची वही त्यांनी पाहिली.

"सायकलवरून यायचे तेव्हा ही पिशवीत असायची," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "त्याला येऊ नको सांगू ना?"

मी उठून गठ्ठे आत नेऊ लागलो.