शून्यावर उभा असलेला काटा

आमच्याकडे बीपीचं एकही यंत्र विकत मिळत नाही. आम्ही यंत्रं तपासतो, दुरुस्त करतो, चोवीस तासांचे रेकॉर्डर पेशंटच्या दंडावर बांधून देतो आणि रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांवर संशोधन करणाऱ्या डॉक्टरांच्या केंद्रांत मोजमापाची जबाबदारी घेतो. सत्तावीस वर्षं हेच काम केलं. सुरुवातीला एक टेबल होतं, एक खोल ट्रे, पाऱ्याची बाटली, आणि आम्ही दोघं. मी, आणि माझे भागीदार, ज्यांना सगळे मास्तर म्हणायचे.

मास्तरांचा पाऱ्यावर हात बसलेला होता. पाऱ्याच्या नळीचं बीपी अॅपरेटस उघडलं की ते सगळ्यात आधी नळीच्या टोकाची चकती काढून उजेडाकडे धरत. ही चकती धुळीनं बुजली की हवा सोडताना पाऱ्याचा स्तंभ मागे रेंगाळतो. कानात पहिला ठोका पडतो तेव्हा कफमधला, म्हणजे दंडावरच्या पट्ट्यातला दाब खाली आलेला असतो, पारा मात्र अजून वरच असतो. म्हणजे आकडा वाढीव. पेशंटला त्यातलं काही कळत नाही, डॉक्टरांनाही नाही. मग काच. आतून काळपट थर धरला असेल तर पारा काढून मऊ चामड्यातून गाळायचा, नळी धुऊन पूर्ण सुकवायची, पारा परत भरायचा. पाऱ्याच्या गोलाईचा माथा शून्याच्या रेघेवर टेकेपर्यंत मास्तर ड्रॉपरनं थेंब थेंब सोडत बसायचे. ट्रे खाली असायचाच, आणि हाताशी गंधकाची भुकटी.

1896 मध्ये रिवा-रोची यांनी दंडावरचा पट्टा आणि पाऱ्याची नळी जोडली, 1905 मध्ये कोरोत्कोव्ह यांनी त्याला स्टेथोस्कोपचे आवाज दिले. त्यानंतर शंभर वर्षं जगभरातले डॉक्टर याच जोडीवर विसंबले. आमच्या टेबलावर ती जोडी रोज उघडली जायची, याचा आम्हाला अभिमान होता आणि आजही आहे.

मॅडम, म्हणजे मधुमेह आणि रक्तदाबावर संशोधन करणाऱ्या एक डॉक्टर, पहिल्यांदा आल्या तेव्हा अॅपरेटस स्वतः उचलून घेऊन आल्या होत्या. डॉक्टर सहसा येत नाहीत, माणूस पाठवतात. त्यांनी विचारलं, "यात चूक किती आहे?" मी म्हटलं, "थोडीशी असेल, मॅडम. काढून देतो."

"भाऊ, थोडीशी म्हणजे किती?"

मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी उभ्या उभ्याच मला युनायटेड किंग्डममधल्या मधुमेहाच्या मोठ्या अभ्यासाबद्दल सांगितलं, ज्याचे निकाल 1998 मध्ये आले होते. मधुमेह आणि उच्च रक्तदाब असे दोन्ही असलेल्या 1148 जणांचे दोन गट केले. एका गटाचा दाब सरासरी 154/87 वर राहिला, दुसऱ्याचा जास्त काटेकोरपणे 144/82 वर ठेवला. वरच्या आकड्यात दहाचा फरक. तेवढ्यानं काटेकोर गटात पक्षाघात 44 टक्क्यांनी कमी झाले आणि मधुमेहाशी निगडित मृत्यू 32 टक्क्यांनी. "माझा सगळा अभ्यास अशा पाच-दहाच्या फरकावर उभा असतो," त्या म्हणाल्या. "तुमचं थोडीशी त्यात बसतं का, ते मला आकड्यात सांगा."

त्या दिवसापासून आम्ही बिलासोबत तक्ता द्यायला लागलो. 250, 200, 150, 100, 50 आणि शून्य. प्रत्येक टप्प्यावर यंत्राचा आकडा, आमच्या प्रमाण मॅनोमीटरचा, म्हणजे ज्याच्याशी पडताळतो त्या अचूक दाबमापकाचा आकडा आणि दोहोंमधला फरक. फरक 3 च्या आत असेल तर पास, बाहेर गेला तर यंत्र परत मिळणार नाही. आधी दुरुस्ती. यावरून कितीतरी जण आमच्यावर चिडले आहेत.

पुढची बारा-तेरा वर्षं कामात गेली.

मग पारा गेला. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार 2013 मध्ये जपानमध्ये झाला, 2017 मध्ये अमलात आला आणि पाऱ्याचे थर्मामीटर व बीपी अॅपरेटस बनवण्याला 2020 ची मुदत पडली. निर्णय योग्यच होता. पारा विषारी आहे, आणि आम्ही तो वर्षानुवर्षं हाताळला आहे, त्यामुळे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या धंद्याची निम्म्याहून जास्त कमाई पाऱ्याची नळी साफ करण्यावर चालते, त्याचं काय होतं हे ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. मास्तर म्हणाले, "माझं सगळं शिक्षण त्या नळीत होतं." त्यांनी आपला हिस्सा काढून घेतला. भांडण झालं नाही. जाताना स्वतःचा ड्रॉपर टेबलावर ठेवून गेले.

पाऱ्याच्या जागी आले काट्याचे डायल आणि बटण दाबलं की आकडा दाखवणारी स्वयंचलित यंत्रं. आणि त्यांच्याबरोबर आली ती दुसरी फर्म. नाव लिहीत नाही. त्यांनी सगळीकडे एकच गोष्ट पसरवली: पारा नाही म्हणजे बिघडायला काही नाही, वर्षातून एकदा स्टिकर लावला की झालं. एका दिवसात शंभर यंत्रं "तपासून" द्यायचे. आम्हाला एका डायलला वीस मिनिटं लागतात. टी-जोड, म्हणजे एकाच नळीतला दाब दोन्ही मापकांना देणारा फाटा, लावायचा, कफ धातूच्या नळकांड्यावर गुंडाळायचा, दाब चढवायचा, प्रत्येक टप्प्यावर थांबायचं, चढताना वाचायचं, उतरताना पुन्हा वाचायचं, कारण काटा हलवणारी आतली डबी थकली की ती चढताना एक सांगते आणि उतरताना दुसरं. शंभर यंत्रं गुणिले वीस मिनिटं हा हिशोब कुणीही करावा. पण खरेदी विभागात तो कुणी केला नाही. एका वर्षात आमची तीन मोठी रुग्णालयं त्यांच्याकडे गेली. एका ठिकाणी मी तक्ता पुढे ठेवला तेव्हा समोरच्या अधिकाऱ्यानं त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "काटा शून्यावर आहे ना? मग झालं." हे वाक्य मी विसरलेलो नाही.

त्या वर्षी दोन मुलांना कामावरून कमी करावं लागलं. तिसऱ्याचा पगार मी स्वतःच्या बचतीतून दिला. फर्म बंद करण्याचा कागद टाइप करून झाला होता, सही तेवढी बाकी होती.

त्या काळात मॅडमचा अभ्यास चालू होता. विषय होता छुपा रक्तदाब, आणि तोही मधुमेही पेशंटमध्ये. दवाखान्यात मोजलं तर 140/90 च्या आत, पण घरी किंवा चोवीस तासांच्या नोंदीत वाढलेला. असा पेशंट नुसता बघून सापडत नाही. डॉक्टर म्हणतात छान आहे, पेशंट खूश होऊन जातो, आणि मूत्रपिंडं, डोळ्यांचा पडदा, हृदयाची भिंत हळूहळू किंमत मोजत राहतात. मधुमेहींमध्ये हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. मॅडमच्या चार केंद्रांत रेकॉर्डर आमचे होते. दिवसा दर वीस मिनिटांनी, रात्री दर अर्ध्या तासानं. दिवसाच्या किमान वीस आणि रात्रीच्या सात नोंदी नीट आल्या नाहीत तर ती नोंद बाद, पेशंटला पुन्हा विनंती करायची. दवाखान्यातले डायल मात्र त्या केंद्रांनी दुसऱ्या फर्मकडे सोपवले होते. आमच्याकडे नव्हते.

एका रात्री मॅडमचा फोन आला. "भाऊ, तिसऱ्या केंद्रात निम्मे पेशंट छुप्या रक्तदाबाचे निघताहेत. बाकी तिन्हीकडे याच्या निम्मेसुद्धा नाहीत. तुमचे रेकॉर्डर जास्त दाखवताहेत का?"

मी सकाळी सहाला निघालो. खरं सांगतो, वाटेत पोटात गोळा होता. चूक आमची निघाली असती तर त्या कागदावर त्याच दिवशी सही झाली असती. तिथं पोचून आमचे सहाही रेकॉर्डर प्रमाण मॅनोमीटरला जोडले. सगळे 3 च्या आत. मग तिथल्या सिस्टरना म्हटलं, "ताई, तुमचा भिंतीवरचा डायल जरा काढून द्याल?"

डायलवर स्टिकर होता, तारीख ताजी होती, काटा बरोबर शून्यावर. जोडला. खरा दाब 50, डायल 47. खरा 100, डायल 93. खरा 160, डायल 148. तीन वेळा केलं. तीनही वेळा 148.

मागचं झाकण उघडल्यावर कारण दिसलं. डायल कधीतरी पडला असणार. नालीदार डबी एका बाजूनं दबलेली होती, आणि शून्यापाशी काट्याला अडवणारी खुंटी होती. दाब नसताना तो काटा खरं तर शून्याच्या खाली गेला असता. खुंटीनं त्याला शून्यावर टेकवून ठेवलं होतं. शून्यावरचा काटा म्हणजे बरोबर यंत्र, असं मानणाऱ्या प्रत्येकाला त्या खुंटीनं फसवलं होतं. बिनखुंटीचा डायल निदान बिघडला की बिघडल्याचं दाखवतो.

मॅडम संध्याकाळी आल्या. मी त्यांच्यासमोर चौथ्यांदा केलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे माझे पेशंट छुप्या रक्तदाबाचे नव्हतेच. उघड्या रक्तदाबाचे होते. आम्हीच त्यांना सगळं ठीक आहे म्हणून घरी पाठवलं." 148 चा माणूस 136 म्हणून नोंदला गेला होता. त्यांनी पहिल्यांदा सांगितलेल्या अभ्यासात सगळा फरक दहाचा होता, इथं बाराचा.

त्यांनी काय केलं ते लिहायलाच हवं. त्या केंद्राच्या सगळ्या नोंदी त्यांनी अभ्यासातून काढून टाकल्या. दोन वर्षांचं काम होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला कळलंही नसतं. नंतर प्रत्येक पेशंटला फोन करून परत बोलावलं, दाब नव्यानं मोजला, गरज होती तिथं औषधं वाढवली. पण एका आजोबांना बोलावणं पोचायच्या आधीच पक्षाघात झाला होता. तो त्या डायलमुळेच झाला असं कुणी म्हणू शकत नाही, मीही म्हणत नाही. पण त्यांच्या कागदावरचा 134 हा आकडा मी पाहिला आहे.

दुसऱ्या फर्मनं आजवर एक शब्द कबूल केलेला नाही. ते रुग्णालयही आमच्याकडे परतलं नाही. मॅडमनी मात्र पुढच्या प्रत्येक अभ्यासाच्या नियमावलीत एक ओळ घातली, की सगळी यंत्रं सुरुवातीला, मध्यात आणि शेवटी, स्टिकरसकट नाही तर तक्त्यासकट तपासली जातील. ते काम आमच्याकडे आलं. त्यांच्या ओळखीनं आणखी दोन डॉक्टर आले, मग आणखी. कमी केलेल्या दोन मुलांपैकी एक परत आला. न झालेल्या सहीचा तो कागद मी फाडून टाकला.

आता इथवर वाचलंच आहे तर दोन गोष्टी सांगू द्या, विशेषतः नव्यानं प्रॅक्टिस सुरू करणाऱ्यांना. डायल सहा महिन्यांनी तपासून घ्या, आणि पडला तर त्याच दिवशी. पण त्याआधी कफ बघा. आमच्याकडे येणाऱ्या दहा दवाखान्यांपैकी सात-आठ ठिकाणी एकच मापाचा कफ असतो आणि तो सगळ्यांच्या दंडाला बांधला जातो. आतल्या रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या ऐंशी टक्के तरी हवी, रुंदी चाळीस टक्के. जाड दंडाला लहान कफ बांधला तर आकडा फुगतो. 2023 मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना सर्वांत मोठा कफ लागतो त्यांना नेहमीचा कफ बांधला तेव्हा वरचा आकडा सरासरी 19.5 नं जास्त आला. लठ्ठपणा आणि मधुमेह हातात हात घालून येतात, त्यामुळे मधुमेहाच्या दवाखान्यात मोठे दोन कफ नसणं मला समजूच शकत नाही.

हात मांडीवर किंवा लोंबता ठेवू नका. दंड हृदयापासून दहा सेंटिमीटर खाली गेला की आकडा सात-आठनं वाढतो. पेशंटला पाच मिनिटं बसू द्या, बोलतं करू नका. हवा सेकंदाला दोन-तीननं सोडा, घाईत नाही. नाडी अनियमित असेल तर स्वयंचलित यंत्राच्या एका आकड्यावर भरवसा ठेवू नका, तीन वेळा घ्या. मधुमेहीला एकदा उभं करून मोजा, कारण उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा वीसनं खाली आला तर गोळी वाढवण्याआधी थांबायला हवं. आणि घरासाठी यंत्र घेणाऱ्या पेशंटला मनगटावरचं देऊ नका. दंडावरचं, मान्य पद्धतीनं माणसांवर पडताळलेलं द्या. 2018 मध्ये या पडताळणीचा एकच जागतिक निकष ठरला. किमान 85 माणसं, सरासरी चूक 5 च्या आत. खोक्यावर डिजिटल लिहिलेलं असणं म्हणजे पडताळणी नव्हे.

तो डायल आम्ही मागून घेतला. दुरुस्त केलेला नाही. नवा मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात स्टिकरसकट देतो आणि विचारतो, हा ठीक आहे का. बहुतेक जण काट्याकडे बघून हो म्हणतात. मग त्याला टी-जोड देतो.

मॅडमचा नवा अभ्यास पुढच्या महिन्यात सुरू होतोय, या वेळी सात केंद्रं आहेत. काल त्यांच्या सिस्टरचा फोन होता, पाचव्या केंद्राच्या पेटीत सर्वांत मोठा कफ एकच आहे म्हणून. आज सकाळच्या पार्सलनं दोन पाठवले.