नोंद ४ : ग्रिमरॉकचा सहावा मजला आणि एका चौकटीची चूक

सहावा मजला कागदावर जवळजवळ पुरा झाला. मागची नोंद लिहून तीन आठवडे झाले. त्यातले आठ-दहा दिवस एका चुकीपायी गेले, तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. 'लेजंड ऑफ ग्रिमरॉक' हा फिनलंडच्या ऑलमोस्ट ह्यूमन या चौघांच्या चमूने केलेला संगणकावरचा गेम ११ एप्रिल २०१२ रोजी आला. त्याचं मूळ १९८७ साली अटारी एसटी या संगणकावर आलेल्या 'डंजन मास्टर'मध्ये आहे. चौकटी-चौकटीने चालायचं, काटकोनात वळायचं. चार कैद्यांना डोंगराच्या माथ्यावरून आत ढकलून देतात आणि सुटायचं तर तळापर्यंत उतरावं लागतं. सुरुवातीलाच 'ओल्ड स्कूल मोड' निवडला की गेम नकाशा काढून देत नाही. मी तोच निवडलाय.

नकाशासाठी मेन रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानातून शाळेची आलेख वही आणली. एक मजला ३२ बाय ३२ चौकटींचा असतो. एका चौकटीला अर्धा सेंटीमीटर धरला की सगळा मजला १६ सेंटीमीटरांत बसतो आणि कडेला खुणांसाठी जागाही उरते. खड्ड्याला 'ख', भिंतीतल्या कळीला 'क', पायाखाली दबणाऱ्या फरशीला 'फ'. दारं लाल, जिने निळे. बाकी सगळं पेन्सिलीने, आणि पेन्सिल एचबीच. टूबीने सुरुवात केली होती, दुसऱ्या मजल्यापर्यंत पान काळंकुट्ट झालं.

आता ती चूक. सहाव्या मजल्यावर पूर्वेकडचा एक लांब बोळ काढला. तो फिरून परत आला आणि आधीच काढलेल्या खोलीच्या पोटातून गेला. गेममध्ये तसं होऊच शकत नाही. तिथे भिंतसुद्धा अख्खी चौकट खाते, पातळ पडदी नसते. म्हणजे मोजताना कुठेतरी माझी एक पायरी चुकली होती. पण कुठे? टेलिपोर्टरमध्ये (क्षणात दुसऱ्या चौकटीवर नेणाऱ्या जागेत) पाय पडल्यावर तोंड कोणत्या दिशेला राहिलं हे दोन ठिकाणी मी नुसतं अंदाजाने धरलं होतं. खोडून पुन्हा काढलं, पुन्हा तेच. एका रात्री तर पान फाडायच्या बेतात होतो.

सोडवणूक खड्ड्यांनी केली. वरच्या मजल्यावरच्या खड्ड्यात पडलं की खाली बरोबर त्याच चौकटीवर आपटतो. पाचव्या मजल्याचं पान आणि सहाव्याचं पान एकावर एक ठेवून सकाळच्या उन्हात खिडकीच्या काचेला लावली. पश्चिमेकडचा खड्डा तंतोतंत जुळला. पूर्वेकडचा एक चौकट सरकलेला होता. म्हणजे चूक त्या दोहोंच्या मध्ये. तेवढाच तुकडा पुन्हा चाललो, प्रत्येक पावलाला टिंब देत. टेलिपोर्टर निर्दोष निघाले. एका साध्या वळणावर मी कोपऱ्याची चौकट दोनदा मोजली होती, बस्स. तो बोळ एक घर डावीकडे सरकवल्यावर पान असं बसलं की मी उठून चहा टाकला आणि तो पीत पीत नुसता त्या पानाकडे बघत राहिलो.

हा आनंद स्वयंचलित नकाशात मिळत नाही, आणि या गेमची खरी ताकद मला इथेच दिसते. कोऱ्या राहिलेल्या जागा बोलायला लागतात. एका रविवारी नववीतला भाचा पंचवटीहून आला होता. पान पाहून म्हणाला, "मामा, इथे चार बाय तीन रिकामं आहे आणि तिन्ही बाजूंनी बोळ आहे. इथे खोली असणारच." मी म्हटलं, "अरे, सगळ्याच रिकाम्या जागेत काही नसतं." तरी जाऊन पाहिलं. भिंतीवर दगडाच्या खाचेत बोटाच्या पेराएवढी कळ होती. दाबली, भिंत सरकली. आत खाण्याचं सामान आणि एक चिलखत. तेव्हापासून वहीवर पहिला हक्क त्याचा.

जाता जाता सांगतो, ही नजर मला नाशिकच्या पांडवलेण्यांनी दिली. तिथल्या विहारांत मधे चौकोनी मंडप आणि तिन्ही बाजूंनी खोल्या. लहानपणी आजोबा प्रत्येक भिंतीतल्या खोल्या मोजायला लावायचे. एका बाजूला जितक्या, तितक्या समोर आहेत का बघ, म्हणायचे. ग्रिमरॉकमध्येही एखादं दालन डावीकडे जसं आहे तसं उजवीकडे नसेल, तर मी तिथेच थांबतो.

दुसरी ताकद आवाजाची. खेळताना संगीत नाही. हेडफोन लावून रात्री बसलात तर भिंतीपलीकडे काय चालतंय ते कळतं. पहिल्या मजल्यावरच्या गोगलगायींचं ओलं सरपटणं आणि पुढे सांगाड्यांची पावलं ऐकूनच मी आता दारापाशी थबकतो. मशाल विझत आली असेल तर छातीत धडधडतंच. कोडीही बहुतेक प्रामाणिक आहेत. खड्ड्यापलीकडच्या फरशीवर दगड फेकून दार उघडायचं असेल, तर ते आजूबाजूला पाहूनच सुचतं.

आता जिथे गेम मला उणा वाटतो ते. लढाई वेळ थांबवून होत नाही, आपण चालतो तसे राक्षसही चालतात. राक्षसाला आपल्याकडे वळून मग वार करावा लागतो, म्हणून दोन बाय दोनच्या मोकळ्या जागेत त्याच्याभोवती गोल फिरत राहायचं, तो वळेपर्यंत बाजूला सरकायचं आणि वार करायचा. हे एकदा जमलं की जागा मिळेल तिथे एकटादुकटा शत्रू जवळपास निरुपद्रवी होतो. पात्रं कशी घडवली याला तिथे फारसा अर्थ उरत नाही, बोटं किती चपळ हेच ठरतं. सांगाडे चौघांच्या फळीत येतात तेव्हा मात्र डोकं चालवावं लागतं, आणि तशा लढाया मला हव्या तितक्या मिळत नाहीत.

जादूचंही तसंच. नऊ खुणांच्या पाटीवर योग्य खुणा दाबून मंत्र टाकायचा, ही कल्पना सुंदर आहे. मंत्राची गुंडाळी सापडली नसली तरी खुणा माहीत असतील आणि कौशल्य पुरेसं असेल तर मंत्र लागतो, हे मला फार आवडलं. पण धावत्या लढाईत त्या खुणा दाबेपर्यंत समोरचा दोन वार करून मोकळा होतो. माझा नाकतोडा (कीटकवंशाचा जादूगार) पहिले चार मजले नुसतं ओझं होता. वर पात्र एक पातळी चढलं की ४ गुण मिळतात आणि एकदा दिलेले परत घेता येत नाहीत. मी त्याचे गुण आग आणि बर्फ दोन्हींत वाटले. तसं करू नका. एकाच विद्येत ओता, नाहीतर दोन्हीकडे अर्धवट राहता.

बाकीचे तिघे ठीक आहेत. घोरपडे हा सरडावंशाचा, मागच्या रांगेतून सुऱ्या फेकतो. त्या लढाईनंतर वेचाव्या लागतात. महिषा हा मिनोटॉर (बैलाच्या तोंडाचा), त्याला भूक फार. पण कवट्या बाळगल्या की त्याची ताकद वाढते, म्हणून सापडेल ती कवटी त्याच्याच पिशवीत. खंडू माणूस, पुढे ढाल घेऊन उभा.

आणि मनापासूनची तक्रार अशी की या चौघांना कुणी भेटतच नाही. गाव नाही, दुकान नाही, बोलणं नाही. झोपेत पडणारी स्वप्नं आणि तूरम नावाच्या आधीच्या कैद्याने मागे सोडलेल्या चिठ्ठ्या, एवढाच काय तो माणसाचा सहवास. त्या चिठ्ठ्यांची मी अक्षरशः वाट पाहतो. माझ्यासारख्याला, ज्याला भूमिका जगायला आवडते, तिथे उपाशी राहावं लागतं. भिंतींचे प्रकारही मोजकेच, त्यामुळे दोन मजले ओळीने खेळलं की डोळे थकतात. मी आता एका बैठकीत दीड तासाच्या वर बसत नाही.

कळींबद्दल एक सूचना. काही कळी इतक्या बारीक आहेत की मागच्या आठवड्यात मी एका बोळात प्रत्येक भिंतीसमोर उभा राहून दोन तास काढले. तिथे नकाशाही मदतीला येत नाही, कारण कळ खोलीपासून लांबच्या भिंतीत असते. अशा वेळी मशाल नवी लावा आणि भिंतीला काटकोनात उभे राहा. तिरक्या नजरेला कळ सुटते.

सध्याची स्थिती अशी : जिना सापडलाय, उतरलेलो नाही. ईशान्य कोपऱ्यात पाच बाय दोनची कोरी पट्टी आहे आणि तिच्यावर पाचव्या मजल्यावरचा एक झाकलेला खड्डा येतो. त्याचं झाकण उघडणारी कळ मी अजून शोधतोय. भाच्याची चाचणी परीक्षा शनिवारी संपते. तो येईपर्यंत सातव्या मजल्याचं पान आखून ठेवतो.