मला भीती वाटेल तेव्हा: स्तोत्रसंहितेतील धीर आणि भरवसा

बायबलमधील स्तोत्रसंहितेच्या 56व्या स्तोत्रात एक लहानसे वचन आहे: "मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन." पुढे इस्राएलाचा राजा झालेल्या दाविदाने येथे निर्भयतेची प्रतिज्ञा केलेली नाही. भीती वाटणार हे तो धरूनच चालतो आणि त्या घटकेला आपण कोणाकडे वळायचे, एवढे मात्र आधीच ठरवून ठेवतो. या स्तोत्राच्या शीर्षकात इस्राएलाचे शत्रू असलेल्या पलिष्ट्यांनी त्याला गथ येथे धरले त्या वेळेचा उल्लेख आहे. गथ हे पलिष्ट्यांच्या महाकाय योद्ध्याचे, गल्याथाचे, गाव. शौल राजा जिवावर उठला म्हणून पळालेला दावीद शत्रूच्याच नगरात शिरतो, तेथे ओळखला जातो आणि आखीश राजाला फार भितो, असे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. मग तो वेड्याचे सोंग घेतो, दरवाजाच्या फळ्यांवर रेघोट्या ओढतो, दाढीवर लाळ गाळतो आणि कसाबसा तेथून निसटतो. गोफणीच्या एका गोट्याने गल्याथाला पाडणारा वीर तो हाच. शीर्षके पुढच्या काळात जोडली गेली असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात आणि ते मला पटते. परंतु ज्या कोणी हे वचन त्या लाजिरवाण्या प्रसंगाशी जोडले, त्याला माणसाच्या धैर्याचे खरे स्वरूप पुरते कळले होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे आहेत आणि ती पाच भागांत विभागलेली आहेत. त्यांपैकी 73 स्तोत्रांच्या शीर्षकांत दाविदाचे नाव येते. उरलेल्यांत मंदिरातले गायक आसाफ आणि कोरहाचे वंशज आहेत, एका स्तोत्रावर मोशेचे नाव आहे आणि कित्येकांवर कोणाचेच नाही. या संग्रहाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग विलापाचा आहे. उपासनेत आपण स्तुतीची स्तोत्रे अधिक गातो, घराच्या भिंतींवर 23व्या स्तोत्राची ओळ टांगतो, आणि त्यामुळे संपूर्ण संहिता म्हणजे शांत, प्रसन्न मनाने केलेले गुणगान आहे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ती उघडून क्रमाने वाचू लागले की तिसऱ्याच स्तोत्रात शत्रूंनी वेढलेला माणूस भेटतो, सहाव्यात रात्रभर रडून अंथरूण भिजवणारा आजारी माणूस भेटतो, दहाव्यात "हे परमेश्वरा, तू दूर का उभा राहतोस?" असा सरळ प्रश्न ऐकू येतो, आणि 13व्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत "कुठवर?" हा सवाल चार वेळा केलेला आढळतो.

देवाशी असे बोलणे मराठी कानाला नवे नाही. विठ्ठलाशी भांडणारी जनाबाई आणि देवाला खडे बोल सुनावणारे तुकोबा आपल्या सर्वांचे आहेत, मग आपण कोणत्याही मंदिरात वा ख्रिस्ती मंडळीत जात असू. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी तर आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे म्हटले होते. तो सेतू ज्या दगडांचा होता, त्यांत देवाशी केलेल्या या भांडणाचा दगड खास भक्कम असावा, असे मला स्तोत्रे वाचताना नेहमी वाटते. ज्याच्याशी भांडता येते तो आपला असतो. परक्यापुढे माणूस जपून, तोलून मापून बोलतो; "कुठवर?" असे विचारण्यासाठी समोरच्यावर आधीपासून काही हक्क असावा लागतो. म्हणून विलापस्तोत्रांतील तक्रार ही मला विश्वासाची उणीव वाटत नाही. तो विश्वासच आहे, दुखावलेल्या अवस्थेतला.

माझ्या वडिलांच्या दीर्घ आजारात मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात अनेक रात्री काढल्या. दिवसा डॉक्टर असतात, नातलग येतात, औषधांच्या चिठ्ठ्या आणि बिलांचे हिशेब असतात. भीती दिवसा कामात विखुरली जाते आणि रात्री एकदम गोळा होऊन येते. त्या रात्रींत मला सर्वाधिक आधार ज्या स्तोत्रांनी दिला, ती युद्धाच्या विजयाची वा चमत्काराची स्तोत्रे नव्हती. ती झोपेविषयी बोलणारी होती. तिसरे स्तोत्र, शीर्षकानुसार, दावीद आपल्या मुलापासून, अबशालोमापासून, पळत असतानाचे आहे. बापाविरुद्ध पोटच्या मुलाने बंड केले आहे, निम्मे राज्य त्याच्या बाजूला गेले आहे, राजा अनवाणी, रडत जैतुनाच्या डोंगराची चढण चढून यरुशलेमेबाहेर पडला आहे. अशा रात्रीविषयी तो म्हणतो, "मी अंग टाकले व झोपी गेलो, मी जागा झालो, कारण मला परमेश्वराचा आधार आहे." लगेच पुढच्या, चौथ्या स्तोत्राच्या शेवटीही तो स्वस्थपणे पडून झोपी जाण्याचीच गोष्ट बोलतो.

धैर्याची इतकी साधी खूण दुसरीकडे कोठे सांगितलेली मला आढळली नाही. संकट टळलेले नाही, सकाळी काय वाढून ठेवले आहे ते ठाऊक नाही, आणि तरीही माणूस पहारा दुसऱ्याच्या हाती सोपवून डोळे मिटतो. 121व्या स्तोत्रात याचीच दुसरी बाजू आहे. यरुशलेमेच्या यात्रेला जाणारे लोक जी आरोहणाची गीते गात, त्यांतले हे एक. डोंगराकडे पाहत वाटसरू विचारतो की मला साहाय्य कोठून येईल, आणि उत्तर येते की इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही. तो जागा आहे म्हणून मला झोपता येते. व्हरांड्यातील बाकावर बसून मी ही दोन स्तोत्रे एकापुढे एक वाचत असे आणि कित्येकदा खरोखरच मला झोप लागत असे. वडिलांचा आजार त्यामुळे हटला नाही. ते पुढे गेले. परंतु त्या रात्री माझ्याऐवजी कोणीतरी जागे होते, ही माझी खात्री त्यांच्या जाण्याने खोटी ठरली नाही.

27व्या स्तोत्रावर मी अधिक वेळ थांबू इच्छिते, कारण धीर आणि भरवसा यांचे नाते त्यात सर्वांत खोलवर उलगडते. आरंभ अत्यंत ठाम आहे: "परमेश्वर माझा प्रकाश व माझे तारण आहे, मी कोणाची भीती बाळगू?" सैन्याने वेढा घातला तरी माझे मन भिणार नाही, असे तो म्हणतो. सहाव्या वचनापर्यंत हाच उंच स्वर टिकतो. आणि सातव्या वचनापासून आवाज बदलतो. माझी वाणी ऐक, माझ्यावर दया कर, आपले मुख माझ्यापासून लपवू नकोस, मला टाकू नकोस, अशी विनवणी सुरू होते. हा बदल इतका ठळक आहे की काही अभ्यासक ही दोन वेगळी स्तोत्रे मागाहून जोडली गेली असे मानतात. तसे असेलही. पण ज्याने ती जोडली त्याने हा क्रम का ठेवला असावा, हा प्रश्न उरतोच. आधी विनवणी, मग सुटका, मग आत्मविश्वास, अशी चढती मांडणी करणे सोपे होते आणि ऐकणाऱ्यालाही ती आवडली असती.

माझ्या समजुतीप्रमाणे हा क्रम जगण्यातला आहे. रविवारी मंडळीत उभे राहून "मी कोणाची भीती बाळगू?" असे मनापासून गाणारी व्यक्ती मंगळवारी तपासणीचा अहवाल हाती आल्यावर "मला टाकू नकोस" असे म्हणते, आणि दोन्ही वेळा ती खरेच बोलत असते. पहिल्या सहा वचनांतला विश्वास पुढच्या विनवणीने रद्द होत नाही. त्याच विश्वासाच्या जोरावर ती विनवणी करता येते. याच भागात दहावे वचन आहे: "माझ्या आईबापांनी मला सोडले तरी परमेश्वर मला जवळ करील." ज्यांना घराने खरोखर सोडले, धर्मांतरामुळे किंवा अन्य कारणाने, त्यांच्या तोंडून हे वचन ऐकताना त्याचे वजन निराळे असते. आपल्याकडील ख्रिस्ती समाजाच्या पहिल्या पिढ्यांत अशी माणसे पुष्कळ होती. आणि मग स्तोत्राचा शेवट सुटकेच्या बातमीने होत नाही. "परमेश्वराची प्रतीक्षा कर, खंबीर हो, हिंमत धर, परमेश्वराचीच प्रतीक्षा कर." येथे हिंमतीचा उपयोग वाट पाहण्यासाठी सांगितला आहे. लढाईत क्षणभराची हिंमत पुरते. वाट पाहण्यासाठी ती रोज नव्याने धरावी लागते, आणि म्हणूनच स्तोत्रकर्ता वाट पाहण्याची आज्ञा दोनदा देतो.

याविषयी लिहिताना मला पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, 1880 साली भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षे होत नाहीत तोच 1882 साली पती गेले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो निराधार स्त्रियांचा संसार चालवत असतानाच त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेतले आणि वर्षानुवर्षे ते केले. त्यात अर्थातच दीडशेच्या दीडशे स्तोत्रेही आली. 1921 साली त्यांची एकुलती कन्या मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या. आणि ते भाषांतर 1924 साली प्रसिद्ध झाले. जिने एवढी माणसे गमावली, तिने विलापाच्या आणि भरवशाच्या प्रत्येक ओळीपाशी थांबून तिला मराठी शब्द दिला, ही गोष्ट मला कोणत्याही प्रवचनापेक्षा अधिक धीर देते.

आता एका अवघड स्तोत्राविषयी. 91वे स्तोत्र संरक्षणाची मोठमोठी वचने देते: तुझ्या बाजूस हजार पडले तरी ती मरी तुझ्याजवळ येणार नाही, देवदूत तुला हातांवर झेलतील. करोनाच्या काळात हे स्तोत्र अनेक घरांत रोज वाचले जात होते आणि ते योग्यच होते. परंतु ते ताईतासारखे वापरले जाऊ लागले, आणि वाचणाऱ्या घरांतलीही माणसे गेली, तेव्हा मागे राहिलेल्यांच्या दुःखात "आमचा विश्वास कमी पडला काय?" या प्रश्नाची भर पडली. तो प्रश्न त्यांच्यावर लादणे अन्यायाचे आहे, असे मी स्पष्टपणे म्हणेन. येशूचे चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानात याच स्तोत्रातील वचन सैतान उद्धृत करतो. येशूला मंदिराच्या शिरोभागी उभे करून तो म्हणतो की खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील. येशू उडी टाकत नाही. परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको, हे बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकातील वचन तो उत्तरादाखल देतो. म्हणजे ज्याने या स्तोत्रावर सर्वांत अधिक भरवसा ठेवला, त्यानेच त्याचा हमीपत्र म्हणून वापर करायला नकार दिला. आणि पुढे वधस्तंभावर त्याच्या ओठी जे शब्द आले ते 91व्या स्तोत्राचे नव्हते. ते 22व्याचे होते: "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" लूकाच्या वृत्तान्तात अखेरचे शब्द 31व्या स्तोत्रातले आहेत, आत्मा पित्याच्या हाती सोपवण्याचे. त्यागाचा आक्रोश आणि संपूर्ण समर्पण ही दोन्ही त्याने स्तोत्रांतूनच उचलली.

88वे स्तोत्र तर अंधारातच संपते. विलापाच्या बहुतेक स्तोत्रांत शेवटाकडे कोठेतरी वळण येते. येथे ते येत नाही, मित्र आणि सोबती दूर झाले आणि उरला तो अंधार, एवढे सांगून स्तोत्र थांबते. तरीही त्याचे पहिले वचन देवाला आपला उद्धारक म्हणून हाक मारते, आणि रात्रंदिवस त्याच्यापुढे आरोळी करणारा हा माणूस बोलणे सोडत नाही. या स्तोत्राला संग्रहात जागा मिळाली याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. नैराश्याने ग्रासलेल्या एखाद्या व्यक्तीला आपण घाईघाईने आनंदाची वचने ऐकवतो. त्याऐवजी तिच्याशेजारी बसून हे स्तोत्र हळू आवाजात वाचावे आणि लगेच काही समजावून सांगू नये, असे माझे मत अनुभवाने झाले आहे. गरज असेल तेथे डॉक्टरांकडे नेण्याचे कामही त्याच प्रेमाने करावे. त्यात भरवशाला काही बाध येत नाही.

आमच्या मंडळीतील तरुण मुले कधी कधी विचारतात की मन घाबरलेले असताना स्तोत्रसंहिता नेमकी कोठून उघडावी. मी त्यांना 13वे स्तोत्र देते. ते अवघ्या सहा वचनांचे आहे. पहिली दोन वचने तक्रारीची आहेत, पुढची दोन मागण्याची, आणि शेवटची दोन भरवशाची. मी त्यांना एवढेच सुचवते की ते मोठ्याने वाचावे, आणि पहिल्या दोन वचनांपाशी आपल्या भीतीचे नाव घ्यावे: परीक्षा, नोकरी, आईचे दुखणे, जे असेल ते. पाचव्या वचनापर्यंत मन पोहोचले नाही तर त्या दिवशी चौथ्यापाशी थांबावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून वाचावे.