आमची वाटचाल : आधी वाळवण, मग औषध

बियाण्याला औषध लावून द्यायच्या आमच्या कामाची सुरुवात हाताने फिरवायच्या एका लोखंडी पिंपापासून झाली. मधून तिरका दांडा, दोन्ही टोकांना एकेक माणूस. आत दहा किलो बी आणि मोजून औषध टाकायचं, झाकण लावायचं, वीस-पंचवीस फेरे द्यायचे. दांडा तिरका असल्याने बी नुसतं गोल फिरत नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत घरंगळतं आणि औषध दाण्यादाण्याला लागतं. बी घ्यायचं, औषधाने लाल करून द्यायचं, एवढाच धंदा आहे असं तेव्हा वाटायचं.

पहिल्याच हंगामात सोयाबीनने आमची जिरवली. औषध कालवताना आम्ही पाणी सढळ हाताने ओतलं. सोयाबीनची साल पातळ, आणि मूळ फुटतं तो भाग सालीला अगदी लागून. साल ओली झाली की सुरकुतते, चोळली की सुटते. त्यात घाई, म्हणून बी नीट न सुकवताच पोती भरून थप्पी लावली. तिसऱ्या दिवशी पोत्यात हात घातला तर आत चक्क ऊब! ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवले. मोड आले त्रेचाळीस दाण्यांना. मालाची भरपाई दिली, गिऱ्हाईक मात्र निम्मंच परतलं, आणि त्यांना बोल लावायला जागा नव्हती.

मग मोठं यंत्र घ्यायचा बेत सोडून आधी ओलावा मोजायचं छोटं यंत्र घेतलं. आजवरची सगळ्यात शहाणी खरेदी तीच. बी कोरडं दिसलं तरी ते श्वास घेत असतं, आणि ओलावा जितका जास्त तितकं लवकर थकतं. हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाचा ठोकताळा असा, की 14 ते 5 टक्क्यांच्या टापूत ओलावा 1 टक्क्याने उतरला की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे 13 वरून 10 वर आणलं तर आठपट. एवढं कुठलंही औषध देत नाही, आणि औषध विकणारा मीच हे सांगतोय! आता माल आला की आधी चाळणी, मग पातळ थरात वाळवण, आणि शेवटी पिंप. वाळवणीची हवा 40 अंशांच्या वर जाऊ देत नाही. भाजलेलं बी रंगवून काय करणार?

साठवणीआधीची प्रक्रिया वेगळी आणि पेरणीआधीची वेगळी, हे कळायला आणखी दोन हंगाम गेले. बुरशीनाशक आधी लावून ठेवता येतं. रायझोबियमसारखे, म्हणजे कडधान्याच्या मुळांवर गाठी करून पिकाला नत्र पुरवणारे, जिवाणू मात्र सजीव, कोरड्या बियावर महिनोन्महिने तग धरत नाहीत. ते आम्ही पुडीत देतो. बुरशीनाशक, कीटकनाशक झाल्यावर सगळ्यात शेवटी, पेरणीच्या दिवशी, सावलीत चोळायचे. हा क्रम उलटा झाला की जिवाणू मरतात आणि पुडी वाया जाते.

भिजवून परत सुकवलेलं बी विकायचा मोहही झाला होता. असं बी एकसारखं आणि झटपट उगवतं, यात खोटं काही नाही. पण त्याचं साठवणीतलं आयुष्य घटतं, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? आता फक्त मागणीप्रमाणे, लगेच पेरायचं असेल तरच करून देतो. हरभरा रात्रभर भिजवून, वरचं पाणी सुकवून सकाळी पेरणं तर घरीही जमतं. त्याचे पैसे आम्ही कशाला घ्यावेत?

आणि नकार द्यायला शिकलो. आलेल्या प्रत्येक लॉटमधले शंभर-शंभर दाणे चार वेळा उगवून पाहतो. मेलेलं बी औषधाने उठत नाही. भुईमूग फोडून साठवायला आणला तर परत पाठवतो, शेंगेतच ठेवा आणि पेरणीच्या तोंडावर फोडा म्हणून. गेल्या हंगामात एक जुने गिऱ्हाईक चिडून म्हणाले, "तुम्हाला धंदा करायचाय की नाही?" चाचणीचा कागद उलगडून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी स्वतः मोड मोजले, दोनदा. मग काही न बोलता पोतं उचललं, आणि आठवड्याने दुसरं बी घेऊन आले.

जुनं पिंप अजून आहे. थोडा माल असला की तेच फिरवतो, पाणी मात्र मापाने.