देवमाशाची उलटी आणि मागीलदारचा पानओवा

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या भाऊंना गुहागरच्या किनाऱ्यावर एक गोळा सापडला. काळपट, शहाळ्याएवढा, लाटांनी गुळगुळीत केलेला. दुपारपर्यंत आळीभर झालं, भाऊंना व्हेलची उलटी मिळाली! असल्या उलटीच्या तस्करीच्या बातम्या पेपरात येतात, किलोला कोटीचे आकडे असतात, त्यामुळे जो तो येऊन वाकून वास घेऊन गेला. आत्याने एकदाच हुंगलं. "डांबर आहे. टाक तिकडे." भाऊंनी तरी सुई तापवून टोचून पाहिली. डांबरच. पावसाळ्यात समुद्र असले गोळे टाकतोच. बरं झालं म्हणा, खरी उलटी निघाली असती तर विकायला गेल्यावर १९७२च्या वन्यजीव कायद्याने भाऊंना आत घातलं असतं.

आत्याच्या नाकावर माझा विश्वास तेव्हापासून बसला. म्हणून भाचीने फ्रान्सहून मसाल्याच्या पुड्या पाठवल्या, तेव्हा पहिली पुडी तिच्यासमोर धरली. सेजची वाळकी पानं, राखाडी-हिरवी, बारीक लव असलेली. आत्याने चिमूट चोळली. "कापूर. मागून नीलगिरी." मग जिभेवर ठेवून तोंड वाकडं केलं. "आणि कडू."

तिन्ही बरोबर. सेजच्या तेलात कापूर असतो, नीलगिरीत असतं ते सिनिओल असतं, आणि कडवटपणा कार्नोसॉलचा. थुजोन नावाचं आणखी एक द्रव्य असतं, ते तिला ओळखता आलं नाही. पण त्याची आणि तिची भेट होणार तरी कुठे?

सेज म्हणजे साल्व्हिया, आपल्या तुळशीच्याच कुळातली. या कुळातली झाडं बोटांना कळतात. काडी अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा, गोल फिरत नाही, चार कडा लागतात. तुळस, सब्जा, मागीलदारचा पानओवा, सगळ्यांचं तेच. (दुकानात चिया आणि सब्जा एकच म्हणून खपवतात. चिया हा मेक्सिकोकडचा साल्व्हिया, सब्जा तुळशीचा भाऊ. चुलत भावंडं म्हणा.)

वृंदावनातलं एक पान खुडून उलटं केलं आणि भिंगाखाली धरलं. पाठीवर सगळीकडे चकाकणारे ठिपके. हीच तेलाची भांडी. आतल्या पेशी तेल करतात आणि ते वरच्या पातळ पापुद्र्याखाली साठतं, एखाद्या फोडासारखं. बोट लागलं की पापुद्रा फुटतो. हा सगळा खटाटोप अळ्या-किड्यांना दूर ठेवायला मांडलेला. आपण आणि आपली भजी मध्येच आलो.

आणि तेल करायची रीत तर सुरंगीच्या वळेसरासारखी. पाच कर्बाणूंचा एक तुकडा, तो एकाला एक जोडत जायचा. दोन जोडले की दहा कर्बांची साखळी. एक एन्झाइम तिला वळवून बोर्निऑल करतं, त्याचा पुढे कापूर होतो. दुसरं तिच्यापासून सॅबिनीन करतं, त्याचं थुजोन होतं. तिसऱ्याच्या हाती गेली तर सिनिओल. साखळी तीच, घड्या वेगळ्या. तुळशीचं युजेनॉल, म्हणजे लवंगेचा वास, मात्र या वळेसरातला नाही. ते फिनाइलअॅलॅनिन या अमिनो आम्लापासून निघतं. आरतीला आपण लावतो तो कापूर तर हल्ली बहुतेक टर्पेंटाइनपासून कारखान्यात होतो, पण ते आत्याला मी सांगितलेलं नाही.

चार तुकडे जोडले की वीस कर्ब. क्लॅरी सेज नावाच्या साल्व्हियाच्या फुलोऱ्यात स्क्लॅरिऑल असतं, ते या वीसांतलं. आणि सहा तुकडे जोडले की तीस. व्हेलच्या उलटीतलं मुख्य द्रव्य अँब्रीन, ते या तिसांतलं! स्पर्म व्हेलच्या आतड्यातून निघालेला गोळा समुद्रात तरंगत राहतो, ऊन-वारा खातो, अँब्रीन तुटत जातं आणि त्यातून सोळा कर्बांचं अँब्रॉक्साइड तयार होतं. अत्तरवाले जिवाचं रान करतात ते त्या वासासाठी. उलटीच्या सुगंधाचं मूळ अँब्रीनमध्ये आहे हे १९४६ साली रुझिका आणि लार्डोन या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं. यातले रुझिका म्हणजे १९३९चे नोबेलवाले. पाचाच्या तुकड्यांचा हा हिशेबही त्यांनीच पक्का केला.

आता गंमत अशी, की स्क्लॅरिऑलच्या विसांतले चार कर्ब उडवले की तेच अँब्रॉक्साइड हाती येतं. त्यामुळे बरेच अत्तरवाले क्लॅरी सेजची शेतं लावून मोकळे झालेत. देवमाशाला कुणी विचारत नाही, निदान त्या धंद्यात तरी.

हे सगळं मी भाऊंना पडवीत बसून सांगितलं. आत्या पानओव्याची भजी तळत होती, पानं पिठात बुडवताना उग्र वास थेट बाहेर येत होता. भाऊंनी दोन भजी खाल्ली, विचार केला आणि विचारलं, "मग ते सेजचं बियाणं आपल्या आगरात रुजेल काय?"

डांबराचा गोळा त्यांनी अजून टाकलेला नाही. चिऱ्याच्या गडग्यावर ठेवलाय. उन्हाने तो मऊ होतो, आणि काल त्यात कोंबडीचा पाय अडकला.