एका स्क्रूपायी गेलेली दुपार

गिअरबॉक्समधून खरखर येत होती, म्हणून एअरसॉफ्ट रायफल (प्लॅस्टिकचे छर्रे मारणारी, बॅटरीवर चालणारी खेळातली बंदूक) उघडायला घेतली. मॅगझिन काढलं, बॅटरी सोडवली, बॅरल वेगळी केली, ग्रिपच्या, म्हणजे मुठीच्या, तळाची पट्टी काढून मोटर बाहेर घेतली. राहिले ग्रिपच्या आत खोलवर बसलेले दोन स्क्रू. पहिला निमूट आला. दुसऱ्यावर ड्रायव्हर टेकवून जोर दिला आणि ‘कर्र’ झालं. हा आवाज ज्याने ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको. त्यावर मी आणखी दोनदा फिरवून पाहिलं. तिथेच माती खाल्ली. टॉर्च मारून पाहतो तर स्क्रूच्या डोक्यावरच्या अधिकच्या चिन्हासारख्या खाचेची गुळगुळीत वाटी झालेली.

एअरसॉफ्टवाले सगळ्यात आधी रबरबँड सुचवतात. मध्ये रबर ठेवायचं आणि वरून ड्रायव्हर दाबायचा. माझ्याकडे रबराचा चुरा झाला आणि तो त्या वाटीत जाऊन बसला. अर्धा तास सुईने तो टोकरण्यात गेला. वर उघडा असलेला स्क्रू असता तर करवतीने आडवी खाच पाडता आली असती, पण ग्रिपच्या त्या बोगद्यात करवत जाणार कशी?

मग संशय आला की आट्यांना थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात तो चिकट द्रव, लावलेला असावा. निळा असेल तर साध्या हत्यारांनी सुटतो, लाल असेल तर २५० अंशांच्या आसपास तापवावं लागतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक डोक्यावर धरून बसलो, प्लॅस्टिकला लागू नये म्हणून श्वास रोखून. स्क्रू ढिम्म.

शेवटी ड्रिल. स्क्रूचा दांडा ३ मिमी, म्हणून बिट ३.५ चं. वेग अगदी कमी ठेवला, नाहीतर ग्रिप वितळते. त्या वाटीत बिट आपोआप मधोमध बसलं, हा झिजलेल्या डोक्याचा एकमेव फायदा. थोड्या वेळाने डोकं तुटलं आणि त्याची चकचकीत रिंग बिटाबरोबर गरगर फिरायला लागली. ग्रिप अलगद सुटून हातात आली. उरलेल्या दांड्यासाठी पक्कड घेतली होती, पण तो चक्क बोटांनी फिरला! डोक्याने आवळून धरलेला ताण गेला की आट्यांची पकड सुटते. थ्रेडलॉकरचा मागमूस नव्हता. आयर्न उगाच तापवलं.

मग निघालेला पहिला स्क्रू दिव्याखाली धरला. डोक्याच्या कडेला बारीकसं टिंब. म्हणजे बहुधा जेआयएस, जपानी मानकाची अधिक-खाच! फिलिप्सचं, म्हणजे नेहमीच्या अधिक-ड्रायव्हरचं, टोक तिच्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर चढतं आणि कडा खातं. रायफल जपानी बनावटीची आहे हे मला माहीत होतं. जेआयएस ड्रायव्हरही खणात होता.

आणि एवढं करून, काढलेली मोटर मी तिथेच टेबलावर ठेवली होती. तिच्या चुंबकांनी सगळा लोखंडी कीस ओढून घेतला होता, छान दाढी आली होती तिला. चिकटपट्टीने एकेक कण काढतोय. गिअरबॉक्सची खरखर अजून तशीच आहे.