पोर्ट उघडला, तरी दार बंद

आज सिडकोतल्या घरी भाच्यानं माइनक्राफ्ट या गेमचा सर्व्हर सुरू केला, पण नाशिकरोडचा त्याचा मित्र काही केल्या आत येईना. "मामा, बघ ना!" पोरगं रडकुंडीला आलेलं. फायरवॉल तपासली, राउटरवर २५५६५ पोर्ट (गेमसाठी बाहेरून आत यायचं दार) उघडला, तरी तेच. मग राउटरचं स्टेटस पान नीट वाचलं. वॅन आयपी, म्हणजे राउटरला इंटरनेट कंपनीकडून मिळालेला पत्ता, १००.७२ नं सुरू! म्हणजे सीजीनॅट. अनेक घरं मिळून एकच पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवर दिसणारा पत्ता. बाहेरून येणारी जोडणी आपल्या राउटरपर्यंत पोचतच नाही. हे कनेक्शन देतानाच ग्राहकाला सांगायला हवं, अगदी मनापासून वाटतं. कंपनीकडे स्वतंत्र पब्लिक आयपीसाठी विनंती टाकलीय. संध्याकाळी मित्राचे बाबा त्याला स्कूटरवर सोडून गेले. आमच्या वायफायवर सर्व्हरचा घरातल्या घरात चालणारा १९२.१६८ वाला पत्ता टाकला आणि पोरगा क्षणात आत. नऊपर्यंत दोघं किल्ला बांधत होते.